मंदगतिमीमांसा, अर्थात घरगुती राउटरविचार

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगून टाकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पुढे वाचायचं की नाही हे वाचकाला तिथेच ठरवता येतं आणि ग्रंथकाराची निम्मी जबाबदारी उतरते. तीच रीत पाळतो. विषय : घरातलं नेट स्लो का चालतं. प्रयोजन : गृहशांती. संबंध : वाय-फायचा पासवर्ड ज्यांच्याकडे आहे त्या सर्वांशी, त्यात समोरच्या फ्लॅटमध्ये उतरलेले पाहुणेही आले. अधिकारी : 'काका, एकदा बंद करून चालू करून बघा' हे वाक्य फोनवर ऐकण्याचा योग ज्याला आलेला आहे असा कोणीही गृहस्थ. गृहिणीच्या बाबतीत 'काका'च्या जागी 'मॅडम' वाचावं.

स्थळ नवी मुंबई, आणि तेही मुद्दाम निवडलेलं. जिथे टॉवरच नाही अशा डोंगरात बसून मंदगतीचा अभ्यास करण्यात पुरुषार्थ नाही. तिथे कारण उघड्या डोळ्यांनी दिसतं. नवी मुंबईत नेट स्लो व्हायला वरकरणी काही कारणच नाही. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, आणि त्यानंतर या शहरात जे काही घडलं ते आधी नकाशावर घडलं. सेक्टर आखले गेले, घाऊक बाजारांच्या जागा ठरल्या, रेल्वे स्थानकांच्या डोक्यावर कार्यालयांचे मजले चढले. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसीच्या पट्ट्यात, ऐरोली-रबाळे-महापे या भागात, मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली. पनवेलजवळ २०२० साली आणखी एक प्रचंड केंद्र सुरू झालं. जिओचं विस्तीर्ण संकुल घणसोलीत आहे. म्हणजे देशाचा डेटा ज्या गावात वस्तीला असतो, त्याच गावात नेरुळच्या एका फ्लॅटमधल्या मधल्या खोलीत व्हिडिओ कॉलवरचा साहेब अर्धं तोंड उघडून थिजतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

थोडं गणित करू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. महापे ते नेरुळ दहा किलोमीटर धरलं तर हे अंतर तो सेकंदाच्या वीस हजाराव्या भागात कापतो. केबल काही सरळ रेषेत येत नाही. ती कंपनीच्या ऑफिसला, मग कुठल्या तरी चौकातल्या पेटीला, मग गच्चीला वळसे घालून येते, म्हणून दहापट धरा. तरीही सेकंदाचा दोन हजारावा भागच होतो. मग हॉलमधल्या टीव्हीमागून बेडरूमपर्यंतच्या पंधरा फुटांत तोच संदेश कधी कधी सेकंदाचा दहावा भाग घेतो. आमचा सिद्धान्त इथेच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या वाचकाला पुढचं सोडून देता येईल : मंदगतीचा उगम बहुधा शेवटच्या पंधरा फुटांत असतो, आणि तिथे सोडून बाकी सगळीकडे शोधला जातो.

पण मंद म्हणजे किती मंद? सामान्य ग्राहकांसाठी भारतात इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या कृपेने. मोडेम किंचाळायचा, जोडणी लागली तर लागायची, आणि लागली की घरातला फोन एंगेज व्हायचा. (त्या काळात काही नातेवाइकांचे फोन टळले, हा लाभ इतिहासकारांनी नोंदवलेला नाही.) २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड असं ठरवलं. २०१३ मध्ये ते ५१२ झालं. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस लागतात. आता बारावीतला चिरंजीव ४० एमबीपीएसवर 'बाबा, नेट मेलंय' असा टाहो फोडतो, तेव्हा तो सरकारी व्याख्येच्या वीसपट सुखात असतो. हे त्याला सांगून बघावं. उपयोग होत नाही, पण पितृधर्म पार पडतो.

जाता जाता एक व्यावहारिक बाब. प्लॅन विकला जातो बिटांत आणि फाइल मोजली जाते बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल उतरताना सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या वर आकडा जाणार नाही. 'शंभरचे पैसे घेतात आणि बारा देतात' ही फिर्याद ज्यांनी दाखल केली असेल त्यांनी ती मागे घ्यावी. त्याचप्रमाणे 'अनलिमिटेड' प्लॅनलाही महिन्याची मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी ३३०० जीबी. ती ओलांडणाऱ्या घरात नेटपेक्षा गंभीर प्रश्न आहेत, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

आता पूर्वपक्ष. मीमांसकाने प्रतिपक्षाचं म्हणणं आधी नीट मांडावं असा दंडक आहे, आणि आमच्या सुदैवाने प्रत्येक मराठी घरात किमान चार प्रतिपक्ष जेवणाच्या टेबलावरच उपलब्ध असतात.

पहिला पक्ष आजीचा. 'आभाळ आलंय ना, म्हणून.' या मताला हसणारे लोक आजीच्या अनुभवाची कदर करत नाहीत. गच्चीवरच्या डिश अँटेनाला येणाऱ्या लहरी बारा गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात आणि मुसळधार पाऊस त्यांना खरोखर गिळतो. ऐन मालिकेच्या वेळी टीव्ही चौकोन चौकोन होतो तो त्यामुळेच. आजीने तोच नियम नेटला लावला, इतकंच. फायबरमधल्या प्रकाशाला पावसाचा पत्ता नसतो. मात्र पाऊस जोडणीच्या पेटीत शिरतो, रस्ता खचतो, खांबावर फांदी पडते, म्हणून आजी सिद्धान्तात चुकते आणि व्यवहारात बरोबर येते. असे सिद्धान्त शास्त्रात पुष्कळ आहेत.

दुसरा पक्ष बाबांचा : 'शेजारचा आपलं वापरतोय.' याची शहानिशा सोपी आहे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा राउटरच्या बुडाला छापलेला जो असेल तो पत्ता टाकून आत गेलं की जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. त्यात एखादं अनोळखी नाव दिसताच बाबांची मुद्रा गुन्हा उघडकीला आणणाऱ्या फौजदारासारखी होते. मग एकेक नाव तपासलं जातं. एक निघतो स्वतःचाच जुना टॅब, जो मावशीच्या मुलांसाठी कपाटात ठेवला होता. दुसरा टीव्ही. तिसरा दारावरचा कॅमेरा. चौथा म्हणजे मोठ्या मुलीने घेतलेला आणि वाय-फायवरून चालणारा बल्ब. शेजारी बहुधा निर्दोष सुटतो, आणि त्याच्याकडे दोन आठवडे तिरकं बघितल्याबद्दल कोणी त्याला चहाला बोलवत नाही.

तिसरा पक्ष आईचा आणि तो सर्वांत जोरदार आहे : 'हा दिवसभर गेम खेळतो, नेट कुठून राहणार?' हा पक्ष खोडून काढणं जिवावर येतं, पण सत्याला पर्याय नाही. ऑनलाइन गेम खेळताना डेटा फारच थोडा लागतो, नव्वदच्या दशकातल्या माणसालाही हेवा वाटू नये इतका. गेमला हवी असते तत्परता. पाठवलेला छोटासा संदेश ताबडतोब पोचावा, बस. मग नेट खातं कोण? रात्री साडेनऊला बाबा मोबाईल चार्जिंगला लावतात. पुतण्याच्या लग्नाचे सहाशे फोटो आणि हळदीचा अखंड व्हिडिओ त्यात आहे. फोन चार्जरवर आणि वाय-फायवर आला की तो सगळा ऐवज गपचूप वर चढवायला लागतो. वर चढवण्याची वाट भरली की राउटर येईल ते पॅकेट साठवून ठेवतो, टाकून देत नाही. रांग वाढत जाते आणि गेममधला एवढासा संदेश हळदीच्या व्हिडिओच्या मागे उभा राहतो. उतरवून घेतलेल्या डेटाची पोचपावतीही त्याच वाटेने जायची असते, म्हणून बघताबघता सगळंच रखडतं. जिम गेटिस नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने पंधराएक वर्षांपूर्वी या विकाराला बफरब्लोट असं नाव दिलं. नव्या, बऱ्यापैकी राउटरमध्ये त्यावर रांग वाटून देण्याची सोय असते. नसेल तर फोटो चढवण्याची वेळ पहाटेची ठेवावी. अशा रीतीने फिर्यादी आणि आरोपी यांची अदलाबदल होऊन खटला निकाली निघतो. चिरंजिवांनी मात्र या निकालाचा अर्थ अभ्यास न करण्याची परवानगी असा घेऊ नये.

चौथा पक्ष विश्वव्यापी आहे : 'वरूनच स्लो आहे.' हे वाक्य कंपनीचा माणूस म्हणतो, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, लिफ्टमध्ये भेटलेला अनोळखी मनुष्यही म्हणतो. यात दोष कुणाचाच नसतो आणि करण्यासारखं काही उरत नाही, म्हणून ते ऐकल्यावर मनाला शांती मिळते. हे मत सरसकट खोटं नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या केबल तुटल्या आणि भारताचं इंटरनेट त्या दिवशी खरोखर वरूनच, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या खालूनच, स्लो होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाहजवळ पुन्हा तसं घडलं. या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, तेव्हा खाडीअलीकडे त्याची झळ पोचणारच. आता आपण पाहतो त्यातल्या बऱ्याचशा व्हिडिओंच्या प्रती देशातच ठेवलेल्या असतात, त्यामुळे समुद्रात काही तुटलं तरी आजीच्या मालिकेला धक्का लागत नाही. वरचं दुसरं कारण जवळचं आहे. फायबरच्या नेहमीच्या पद्धतीत एका धाग्यावर येणारा सुमारे अडीच गिगाबिटांचा प्रवाह बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेला असतो. बत्तीस घरांनी शंभर-शंभरचा प्लॅन घेतला आणि सगळी एकदम तुटून पडली तर हिशेब जुळत नाही. तशी ती पडणार नाहीत या श्रद्धेवर धंदा चालतो, आणि रात्री नऊला, मॅच असेल तर, श्रद्धेची परीक्षा होते. दुपारी तीनला झकास आणि रात्री नऊला रोज रडत, असं असेल तर वरूनच स्लो आहे हे मान्य करावं. दिवसभर रडत असेल तर करू नये.

पूर्वपक्ष संपला. सिद्धान्ताकडे वळण्याआधी या शास्त्रातल्या प्रत्यक्ष प्रयोगाचं वर्णन करणं भाग आहे. तक्रार केल्यावर फोनवरची मुलगी 'आमचा इंजिनिअर येईल' असं सांगते. येतो तो वीस-बावीस वर्षांचा मुलगा. कंपनीच्या लेखी इंजिनिअर आणि वॉचमनच्या वहीत 'केबलवाला'. पाठीवर काळी बॅग, हातात पिवळी वायर. चपला दाराबाहेर काढतो, 'राउटर कुठाय काका?' विचारतो, टीव्हीमागे डोकं घालतो. मग स्वतःचा मोबाईल काढून, राउटरपासून एक फुटावर उभा राहून, स्पीड टेस्ट लावतो. काटा सरसर चढतो.

'हे बघा काका, फुल येतोय.'

'अरे, पण आत बेडरूममध्ये काहीच येत नाही.'

'तुमच्या मोबाईलचा प्रॉब्लेम असेल.'

'सगळ्यांच्याच मोबाईलचा?'

'काका, लाइनला तर फुल आहे ना.'

दोघंही खरं बोलताहेत. एक हॉलमधून बोलतोय आणि दुसरा बेडरूमच्या वतीने. जैनांचा स्याद्वाद याहून सोपा करून सांगणं आम्हाला जमणार नाही. एक बारकावा त्या मुलाच्या बाजूने आणि एक विरुद्ध. बाजूने असा की लाइन तपासण्याचं खरं साधन त्याच्या बॅगेत असतं : फायबरचं टोक काढून तो पॉवर मीटरला लावतो आणि 'उणे बावीस, ओके आहे' म्हणतो. उणे आठ ते उणे सत्तावीस या दरम्यान आकडा असला की घरातला डबा प्रकाश नीट वाचू शकतो. उणे सत्तावीसच्या पलीकडे गेला की तो चाचपडतो, आणि मग तो लाल लाईट लागतो ज्याला सगळी नवी मुंबई 'लॉस आलाय' म्हणते. फायबर खिळ्याभोवती करकचून वळवली, पडद्याच्या दांडीखाली चेपली किंवा उंदराने चाखून पाहिली की प्रकाश वळणावरच गळतो. विरुद्ध बारकावा असा की स्पीड टेस्ट ज्या सर्व्हरशी बोलते तो पुष्कळदा त्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. तिथे फुल येणारच.

आता सिद्धान्त. रोग तारेत आहे की हवेत, हे आधी ठरवायचं. त्यासाठी लॅपटॉप राउटरला वायरने जोडायचा, घरातल्या बाकी सगळ्यांचं वाय-फाय पाच मिनिटं बंद ठेवायचं (प्रयोगातला हा सर्वांत अवघड टप्पा) आणि मोजायचं. वायरीवर पूर्ण आकडा आला तर तार निर्दोष, रोग हवेत. नाही आला तर किती आला ते नीट पाहायचं, कारण या शास्त्रात काही आकड्यांना अर्थ असतो.

सर्वांत अर्थपूर्ण आकडा ९४. तीनशेचा प्लॅन असून वायरीवर मोजलेला स्पीड काही केल्या ९३-९४ च्या पुढे जात नसेल, तर कंपनी, सरकार, हवामान आणि शेजारी यांना एकदम निर्दोष सोडावं आणि केबलच्या टोकाकडे जावं. लॅन केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार पिळांत. प्लास्टिकच्या पारदर्शक टोकातून त्या ओळीने दिसतात : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. एक गिगाबिटसाठी आठही लागतात. शंभरसाठी चार पुरतात : पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. एखादी तार टोकात नीट दाबली गेली नसेल तर दोन्हीकडची यंत्रं मुकाट्याने शंभरवर तडजोड करतात, आणि वरचे खर्च वजा जाता हाती ९४ उरतात. लाल लाईट लागत नाही, संदेश येत नाही, काही नाही. गच्चीवरच्या पेटीतून डक्टमधून खाली केबल सोडणारे काही गुणी कारागीर एकाच केबलच्या चार तारा एका घराला आणि चार दुसऱ्या घराला देतात. बचतीचा हा नमुना पन्नासच्या प्लॅनच्या काळात कोणाला कळला नाही. प्लॅन तीनशेचा झाला आणि चार तारांची गोष्ट बाहेर आली.

हवेतले रोग जास्त, आणि तिथे आमच्या गृहरचनेचा संबंध येतो. सिडकोच्या आराखड्यात राउटरला जागा नव्हती, आणि १९७० साली ती असण्याचं कारणही नव्हतं. पण पन्नास वर्षांनी खारघर-उलव्यात वीस-वीस मजले चढवणाऱ्या बिल्डरांनीही ती ठेवलेली नाही. पॉइंट असतो टीव्हीमागे, म्हणून राउटर टीव्हीमागे. नाहीतर फायबर दारातून आत येते म्हणून दारालगतच्या चपलांच्या कपाटावर. काही घरांत माळ्यावर, काही घरांत फ्रिजवर, आणि एका श्रद्धाळू पंथात देव्हाऱ्याशेजारी. टीव्हीमागे ठेवणं म्हणजे घराच्या दिशेला आधी एक भलामोठा धातूचा पत्रा उभा करणं. त्यानंतर कॉंक्रीटची भिंत, लोखंडी कपाट, कपाटाचा पूर्ण उंचीचा आरसा, आणि बाथरूममध्ये भरून ठेवलेली पाण्याची पिंपं. या लहरी धातूवरून परततात आणि पाण्यात मुरतात. मोबाईलवर फुकट मिळणाऱ्या ॲपमध्ये सिग्नल उणे आकड्यात दिसतो. राउटरजवळ उणे ५० असेल आणि बेडरूममध्ये उणे ८०, तर तीसचाच फरक वाटतो. पण इथे प्रत्येक दहाला दहापट घट होते, म्हणजे बेडरूममध्ये पोचला हजारावा भाग. व्हिडिओ कॉलला उणे ६७ च्या आसपास तरी लागतो.

अँटेनाच्या बाबतीत समस्त गृहस्थांची समजूत उलटी आहे. बेडरूमला सिग्नल जात नाही म्हटल्यावर लोक अँटेना वाकवून तिचं टोक बेडरूमकडे रोखतात, जणू काही त्या टोकातून धार लागते. सरळ दांडीच्या अँटेनाच्या लहरी दांडीच्या चहूबाजूंना पसरतात, आणि टोकाच्या दिशेला सर्वांत कमी जातात. म्हणजे नेम धरून बेडरूमलाच उपाशी ठेवलं जातं. दांडी उभी ठेवावी. दुमजली घर असेल तर एक उभी, एक आडवी.

शिवाय हवा आपल्या एकट्याची नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा केंद्र सरकारने २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला, आणि परवाना लागत नाही अशा जागेचं आपल्याकडे जे होतं ते झालं. वाय-फाय, ब्लूटूथ, बिनवायरीचा माउस, सगळे तिथेच. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ वर चालतो आणि चालू असताना थोडी लहर बाहेर सोडतोच. रात्री पोळ्या गरम करताना कॉल तुटतो तो योगायोग नव्हे. या पट्ट्यात चॅनेल तेरा असले तरी एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच, १, ६ आणि ११. घणसोली-कोपरखैरण्यात एकमेकांना खेटलेल्या रो-हाउसच्या ओळीत उभं राहून मोबाईलवर वाय-फायची यादी उघडा, ती संपेपर्यंत अंगठा दुखतो. एवढ्या सगळ्यांनी तीन चॅनेलांत भागवायचं. वाय-फायची रीत सोसायटीच्या वार्षिक सभेहून सभ्य आहे : आधी कानोसा घ्यायचा, कोणी बोलत असेल तर थांबायचं, दोघं एकदम बोलले तर दोघांनी मनाला येईल तितका वेळ गप्प बसून पुन्हा प्रयत्न करायचा. सभ्यतेची किंमत वेळात मोजावी लागते. त्यात शेवटच्या खोलीतला जुना मोबाईल अडखळत बोलणारा असेल तर त्याचं होईपर्यंत सगळे ताटकळतात. म्हणून एका घरातल्या मंदगतीचं कारण दुसऱ्याच कोणाच्या तरी हातातला २०१५ सालचा फोन असू शकतं.

यावर उतारा म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. तिथे जागा भरपूर, पण या लहरी भिंतीला लवकर हार मानतात. हॉलमध्ये ५, दूरच्या खोलीत २.४, अशी वाटणी करावी. राउटरच्या नावापुढे '५जी' दिसतं म्हणून आपल्याकडे फाइव्ह-जी आलं असं समजणारे फाइव्ह-जीच्या उद्घाटनाच्या, म्हणजे १ ऑक्टोबर २०२२ च्या, आधीपासून पेढे वाटत होते. तो पाच गिगाहर्ट्झचा पाच आहे.

उपचारांपैकी रिस्टार्ट हा सर्वांत थोर, आणि त्याची टिंगल करणारे अर्धवट शिकलेले असतात. राउटर हा छोटासा संगणक आहे. प्रत्येक जोडणीची नोंद तो एका वहीत ठेवतो, वही भरते, स्मृती थकते, अंग तापतं. बंद केल्यावर वही कोरी होते आणि चालू होताना बरेच राउटर आजूबाजूला पाहून नवा चॅनेल निवडतात. आराम पडतो तो त्यामुळे. बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबावं; लगेच चालू केल्यास आतल्या साठ्यावर तो तग धरतो आणि काहीच विसरत नाही. पण रोज रिस्टार्ट करावं लागत असेल तर तो उपचार राहिला नाही, व्यसन झालं. अशा वेळी राउटरवर विणलेला रुमाल घातलेला आहे का ते पाहावं. मिक्सर, फ्रिज आणि टीव्हीप्रमाणे राउटरलाही धुळीपासून जपण्यासाठी टोपडं घालणारी घरं आहेत. तो बिचारा गुदमरतो. दसऱ्याला त्याच्यावर झेंडूचं फूल ठेवण्यास शास्त्राची हरकत नाही. कुंकू मात्र लॅनच्या भोकात जाऊ देऊ नये.

डीएनएस बदलणाऱ्यांचा एक आधुनिक संप्रदाय आहे. कोणी आठ-आठ-आठ-आठचा जप करतो (गूगल, २००९), कोणी एक-एक-एक-एकचा (क्लाउडफ्लेअर, २०१८). पत्ता शोधायला लागणारा वेळ त्याने कमी होऊ शकतो, म्हणजे पान उघडायला सुरुवात लवकर होते. व्हिडिओ त्याने जोरात उतरत नाही. पण श्रद्धेने फरक पडतो असं सांगणाऱ्याशी वाद घालू नये. तो आकडे दाखवतो.

आता वाचकाला विनंती. तक्रार करण्याआधी वायर लावून मोजा, दुपारचा आणि रात्री नऊचा असे दोन आकडे लिहून ठेवा, आणि मगच फोन करा. 'स्लो आहे' म्हणणाऱ्याला काका म्हणतात, आकडा सांगणाऱ्याला सर म्हणतात. राउटर टीव्हीमागून काढून घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा, मग तो कितीही कुरूप दिसो. आणि सिडकोच्या पुढच्या सोडतीत घर लागलं, तर भिंतींना रंग लावण्याआधी हॉलपासून शेवटच्या खोलीपर्यंत एक पाइप टाकून त्यातून लॅन केबल ओढून घ्या. खर्च पडद्यांच्या खर्चाहून कमी येतो. टोकं बसवताना त्या मुलाच्या शेजारी उभं राहा आणि आठही रंग मोजा.